वर्गात परत, पण कान अजून दाराकडे

दोन वर्षांच्या खंडानंतर शिकायला परत आलेली १६ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे गणितासाठी यायची. पहिल्याच दिवशी तिनं जागा अशी निवडली की पाठ भिंतीला आणि दार समोर. उजेडात बस म्हटलं तर बसली, पण दहा मिनिटांत काहीतरी निमित्त काढून परत भिंतीपाशी. जिन्यात पाऊल वाजलं की तिचं पेन थांबायचं. पाऊल वरच्या मजल्याकडे गेलं की पुन्हा चालायला लागायचं. महिनाभर मी मनात म्हणत होतो, हिचं लक्ष नाही. लक्ष होतं, आणि चांगलं तल्लख होतं. गणिताकडे नव्हतं, एवढंच.

पुढे कधीतरी तिनंच सांगितलं. वडील किती पिऊन आलेत हे तिला दार उघडण्याआधी कळायचं. किल्ली पहिल्या झटक्यात कुलपात गेली तर संध्याकाळ ठीक जाणार. कुलपाभोवती खरखरत राहिली तर धाकट्या भावाला आतल्या खोलीत न्यायचं आणि टेबलावरच्या वह्या उचलून ठेवायच्या, कारण एकदा त्या फाटल्या होत्या. आणि पावलं दारापर्यंत येऊन नुसतीच थांबली, किल्लीचा आवाजच आला नाही, तर सगळ्यात वाईट. "तीन प्रकार असतात, सर," ती म्हणाली. त्रिकोणाचे प्रकार विचारल्यावर सांगायची, त्याच सुरात.

आईवडिलांपैकी कुणाच्या तरी दारूपायी शिक्षण सुटलेलं मूल परत येतं, तेव्हा सगळे विचारतात, अभ्यास किती बुडाला? प्रश्न रास्त आहे, पण पहिला नाही. मधल्या काळात हे मूल रिकामं बसलेलं नव्हतं. ते पहाऱ्यावर होतं. त्या पहाऱ्यावरून कुणी त्याला मोकळं केलेलं नसतं. तिथलं काम अंगावर घेऊनच ते वर्गात येऊन बसतं. दोन्ही झेपत नाही, म्हणून चार-सहा आठवड्यांत पुन्हा दिसेनासं होतं, आणि लोक म्हणतात, याला शिकायचंच नव्हतं.

शाळा एका दिवसात सुटत नाही

"शाळा सोडली" म्हटलं की एखाद्या सकाळी दप्तर भिरकावून दिल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं. तसं क्वचितच घडतं. आधी नुसते उशीर होतात. रात्री दोनपर्यंत घरात आरडाओरडा चालू होता, सकाळी डोळा उघडला नाही. मग एखादा दिवस बुडतो, कारण आई उठण्याच्या अवस्थेत नाही आणि लहान बहिणीला तिच्यापाशी एकटं सोडून जाववत नाही. (पिणारा दर वेळी बापच असतो असं नाही. आई पीत असेल तर मूल ते जास्तच कसोशीनं लपवतं.) मग कुठल्यातरी कागदावर पालकांची सही राहून जाते. पालकसभेला कुणी येत नाही, आणि कुणी येऊ नये म्हणून मूलच मनात धावा करत असतं. पुढे पैशांची ओढाताण सुरू होते आणि मुलाला संध्याकाळचं काहीतरी काम बघावं लागतं. परीक्षेच्या आदल्या रात्री भांडण पेटतं आणि पेपर हुकतो. पेपर हुकला की वर्ष हुकतं, सोबतची मुलं पुढच्या वर्गात जातात, आणि मग शाळेचा रस्ताच नको वाटतो. शाळेतला शेवटचा दिवस कुठला होता असं विचारलं तर बऱ्याच जणांना सांगता येत नाही.

या काळात त्याच्या नावापुढे काय नोंदी होतात? अनियमित. निष्काळजी. पालकांचं लक्ष नाही. यातली शेवटची तेवढी खरी.

मोठ्यांचं काम मुलाच्या अंगावर येण्याच्या या प्रकाराबद्दल इव्हान बोसोर्मेनी-नॉज आणि जेराल्डिन स्पार्क या कुटुंबचिकित्सकांनी १९७३ मध्ये सविस्तर लिहिलं. मराठीत त्याला पालकीकरण म्हणता येईल. त्यात एक असतं हातांचं काम: भावंडांचं आवरणं, घर सांभाळणं, पडलेल्याला उचलून झोपवणं. दुसरं असतं मनाचं काम: आईचं रडणं ऐकून घेणं, बापाचा मूड सांभाळणं, दोघांमधले निरोप पोचवणं, शेजाऱ्यांपुढे सारवासारव करणं. हातांचं काम दिसतं आणि त्याचं थोडंफार कौतुकही होतं. दुसऱ्यानंच जास्त जीव जातो, आणि ते काम आहे हे मुलालाही ठाऊक नसतं.

सगळीच मुलं गळतात असं नाही. काही जण उलटं, वर्गात पहिले येतात. घरात काहीच हातात नसताना गुणपत्रिका तरी हातात असते. अशा मुलांसाठी नायक, वाया गेलेलं पोर, हरवलेलं पोर, विदूषक अशा चार भूमिकांची एक मांडणी फार लोकप्रिय आहे. ओळख पटायला ती बरी आहे, पण तिचे शिक्के करून मुलांच्या कपाळी मारू नयेत. एकच मूल सकाळी नायक असतं आणि रात्री हरवलेलं.

डोक्यात जागा किती असते

आता थोडं मेंदूकडे वळू, कारण "मन लावून अभ्यास कर" या वाक्याचा फोलपणा तिथेच कळतो.

एखादं गणित सोडवताना आपण काही गोष्टी तात्पुरत्या डोक्यात धरून ठेवतो: हातचा, आधीच्या पायरीचं उत्तर, पुढे काय करायचं ते. या तात्पुरत्या जागेला चालू स्मृती म्हणता येईल. ती फार छोटी असते. मोठ्या माणसालाही एका वेळी साधारण चार गोष्टी धरता येतात. त्यातल्या एका जागेवर "आज ते कितीला येतील" आणि दुसरीवर "भाऊ घरी एकटा आहे" हे कायमचं बसलेलं असेल, तर गणिताला दोन जागा उरतात. तीन पायऱ्यांचं गणित दोन जागांत मावत नाही. मुलाला गणित येत नाही असं आपण म्हणतो. खरं तर ते ठेवायला त्याच्याकडे जागाच नसते.

धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटा भाग गजर वाजवतो. अड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात, ठोके वाढतात, कान टवकारले जातात. समोर साप असेल तर ही व्यवस्था उत्तम. पण ती थोड्या वेळासाठी बनलेली आहे. महिनोन् महिने ताण टिकला आणि कॉर्टिसॉल सतत वर राहिलं, की नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या हिपोकॅम्पसच्या कामात अडथळा येतो. कपाळामागचा भाग, जो आवर घालतो आणि पुढचा विचार करतो, तो गजर वाजत असताना मागे पडतो. शिवाय तो पूर्ण तयार व्हायला वयाची पंचविशी उजाडते. म्हणजे १५-१६ व्या वर्षी जी यंत्रणा अजून जोडली जात असते, तिच्यावरच सगळा भार.

यातली सगळ्यात जाचक गोष्ट म्हणजे अनिश्चितता. रोज रात्री आठला मार बसणार हे ठरलेलं असतं, तर निदान सातपर्यंत अभ्यास झाला असता, असं एका मुलानं मला सांगितलं होतं. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्यामागे हिशेब आहे. दारूच्या घरात हिशेब लागत नाही. सोमवारी बाप लाडानं डोक्यावर हात फिरवतो, मंगळवारी तोच हात उगारतो, बुधवारी त्याला काही आठवत नसतं. मग शरीर एकच शिकतं: सैल सोडायचं नाही. हे शरीर शाळेत आल्यावरही सैल सुटत नाही. मागून बाक सरकला तरी दचकतं. शिक्षकांचा आवाज चढला, भले तो दुसऱ्या कुणावर असेल, तरी पुढची दहा मिनिटं त्याला काही ऐकू येत नाही.

आणि झोप. १३ ते १८ या वयात रोज ८ ते १० तास झोप हवी असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. दिवसा शिकलेलं रात्रीच्या झोपेत पक्कं होतं. जे मूल एक कान उघडा ठेवून झोपतं, त्याचं शिकलेलं रोज थोडं सांडून जातं. माझ्या मते परत येणाऱ्या मुलाच्या वेळापत्रकात पहिली ओळ झोपेची हवी, विषयांची नंतर. आठवड्यातून दोन रात्री जरी ते दुसऱ्या सुरक्षित घरी, मावशीकडे, काकांकडे, मित्राकडे, निर्धास्त झोपलं तरी फरक पडतो.

"माझ्यासाठी तरी सोडतील"

प्रत्येक मुलानं हा प्रयोग केलेला असतो. चांगले गुण आणून बघितलेले असतात. शपथ घालून बघितलेली असते. बाटली लपवून, ओतून, पाणी मिसळून झालेलं असतं. बाप चार दिवस थांबतो, पाचव्या दिवशी पुन्हा सुरू. मूल त्यातून जो निष्कर्ष काढतं तो फार क्रूर असतो: दारूपेक्षा मी कमी महत्त्वाचा.

म्हणून दारूचं अवलंबित्व ही काय भानगड आहे हे मुलाला नीट, त्याच्या वयाला साजेसं समजावून सांगायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात दारूचं अवलंबित्व हा आजार म्हणून नोंदलेला आहे. पिण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा पिण्याला वरचं स्थान मिळणं, आणि शरीराला तिची सवय जडणं ही त्याची मुख्य लक्षणं. दुसऱ्या लक्षणाकडे नीट बघा. पिणं सगळ्यांच्या वर जाऊन बसणं हे आजाराचंच लक्षण आहे. त्यावरून मुलाची किंमत ठरत नाही.

हे घडतं कसं? दारू मेंदूला शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते आणि चेतवणाऱ्याचा कमी करते. रोजच पीत गेलं की मेंदू तोल सांभाळायला उलट्या बाजूनं ओढ लावतो. रस्सीखेच समजा. दोन्ही बाजू ताणलेल्या, दोरी जागच्या जागी. आता एका बाजूनं दोरी एकदम सोडली तर काय होईल? दुसरी बाजू धाडकन मागे पडते. दारू अचानक बंद केल्यावर हात थरथरणं, घाम, झोप उडणं, प्रचंड अस्वस्थता येते ती यामुळे. बरीच वर्षं खूप पिणाऱ्या माणसाला पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या सुमाराला भ्रम होऊन जिवावरही बेतू शकतं.

हे मुलांना सांगण्यामागे माझं एक खास कारण आहे. बाटली ओतून टाकणं हा मुलांना शूरपणा वाटतो. पण जबर व्यसनी माणसाची दारू एकदम तोडणं हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं काम आहे. १६ वर्षांच्या मुलीनं स्वयंपाकघराच्या मोरीपाशी उभं राहून ते करायचं नसतं. जे काम आपलं नाहीच, त्यात आपण नापास झालो, ही टोचणी त्यामुळे थोडी तरी कमी होते.

व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी १९५१ मध्ये अमेरिकेत अल-अनॉन हा गट सुरू झाला. सुरू करणाऱ्यांत लोइस विल्सन होत्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या गटाचे एक संस्थापक बिल विल्सन यांच्या पत्नी. पुढे १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या १७ वर्षांच्या एका मुलानं आपल्या वयाच्या मुलांसाठी अलाटीन हा वेगळा गट काढला. त्याचे वडील दारू सोडण्याच्या गटात होते आणि आई घरच्यांच्या. आपल्यासारख्यांचं काय, असं त्याला वाटलं असणार. या गटांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते: हे मी घडवलेलं नाही, मला ते ताब्यात ठेवता येणार नाही, आणि मला ते बरं करता येणार नाही. पहाऱ्यावरच्या मुलाला सुट्टी द्यायला एवढी तीन वाक्यं बऱ्यापैकी उपयोगी पडतात. एकदा ऐकून मात्र भागत नाही.

आकडे ऐकून घाबरू नका

या विषयावर काही वाचायला गेलं की धोक्याचे आकडे अंगावर येतात. अमेरिकेत विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांचा बालपणीच्या आघातांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यात १७ हजारांहून जास्त प्रौढांची माहिती जमा झाली. घरात दारूचं व्यसन असणं हा त्यातला मोजलेला एक आघात. असे आघात जितके जास्त, तितका मोठेपणी आजारांचा आणि व्यसनांचा धोका जास्त, असं त्यात दिसलं. मग लोक मुलांचे आघात मोजून त्यांचं भविष्य सांगू लागले. तेव्हा २०२० मध्ये खुद्द अँडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच इशारा दिला की ही बेरीज समूहाबद्दल बोलते, एका माणसाचं भवितव्य ठरवायला ती वापरू नका.

"बापावर गेलाय" हे वाक्य तर ही मुलं लहानपणापासून ऐकतात. १९७३ मध्ये डॉनल्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलग्यांचा अभ्यास केला. आईवडिलांपैकी कुणी व्यसनी असलेले ५५ मुलगे लहानपणापासून दुसऱ्या घरी वाढले होते. त्यांच्यातल्या १८ टक्क्यांना मोठेपणी दारूचं व्यसन लागलं. ज्यांच्या जन्मदात्यांना व्यसन नव्हतं अशा ७८ दत्तक मुलग्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. म्हणजे रक्तातून काहीतरी येतं, हे खरं. हा अभ्यास सांगताना बहुतेक जण इथेच थांबतात. मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो: ८२ टक्क्यांना व्यसन लागलं नाही. मुलाला दोन्ही आकडे सांगावेत. पहिल्यामुळे तो स्वतः ग्लास उचलताना सावध राहील, दुसऱ्यामुळे खचणार नाही.

एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा काही दशकं माग ठेवला. त्यातल्या ४९ मुलांच्या घरी व्यसन होतं. वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत त्यांतली ४१ टक्के गंभीर अडचणीत सापडली, ५९ टक्के नाही. तरलेल्यांच्या आयुष्यात बहुधा निदान एक भरवशाचं माणूस होतं. आईवडीलच असायला हवेत असं नव्हतं. आजी, काका, शिक्षक, कुणीही चाललं. पण या अभ्यासातला मला सगळ्यात आवडणारा भाग पुढचा आहे. १८ व्या वर्षी ज्यांच्या नावावर लोकांनी काट मारली असती, त्यांच्यातले कितीतरी तिशी-चाळिशीत सावरलेले आढळले. आणि सावरण्याच्या वाटांपैकी एक ठळक वाट होती, उशिरा का होईना पुन्हा शिकायला लागणं.

परतीचे पहिले आठवडे

प्रवेशाचे मार्ग जागोजाग वेगळे असतात. जुन्याच शाळेत, मुक्त पद्धतीनं घरून परीक्षा देऊन, वय वाढलेल्या मुलांसाठी असलेल्या कमी मुदतीच्या अभ्यासक्रमातून, किंवा एखादं कौशल्य शिकता शिकता. कुठला चांगला यावर लोक तासन् तास वाद घालतात. माझा निकष साधा आहे: ज्यात मूल घरापासून रोज ठरलेले काही तास बाहेर राहील आणि जिथे एक मोठं माणूस त्याला नावानं ओळखेल, तो चांगला. घरी बसून परीक्षा देण्याचा मार्ग कागदावर सोपा दिसतो. पण अभ्यासाची जागा तीच, जिथे पहारा द्यायचा. तो निवडायचाच असेल तर वाचनालय, शेजारचं घर, कुठलीतरी दुसरी बैठक आधी ठरवून घ्यावी.

आता वर्गातला पहिला दिवस. मुलाला पाढे विसरल्याची भीती नसते. भीती असते एका प्रश्नाची: "इतके दिवस होतास कुठे?" हा प्रश्न शिक्षक विचारतात, बाजूचा मुलगा विचारतो, शिपाईसुद्धा विचारतो. त्याचं उत्तर आधीच तयार ठेवावं, आणि ते मोठ्यांदा म्हणून बघावं. "घरी अडचण होती, आता मी आलोय." बस. यात खोटं काही नाही आणि उघडं पडण्यासारखंही काही नाही. माझ्या विद्यार्थिनीनं हे वाक्य जिन्यात उभं राहून तीन-चारदा म्हटलं होतं. पहिल्यांदा ते आवंढ्यासकट बाहेर पडलं. चौथ्यांदा नुसतंच वाक्य राहिलं.

अभ्यासात सुरुवात कुठून करायची? बुडालेलं सगळं भरून काढायचं ठरवलं की डोंगर दिसतो आणि मूल पळतं. दोन वर्षांपूर्वी ते नेमकं कुठे अडलं होतं ते शोधावं. बहुतेकदा शाळा सुटण्याच्या सहा-आठ महिने आधीच एखादी गोष्ट निसटलेली असते: अपूर्णांक, इंग्रजीतले काळ, असं काहीतरी. ती एक दुरुस्त झाली की पुढचं बरंचसं आपोआप बसतं. त्यासाठी मुलाला त्याच्या वयाहून लहान मुलांचं पुस्तक घ्यावं लागतं, आणि तिथे लाज आडवी येते. मी त्या पुस्तकाला सरळ कव्हर घालून द्यायचो.

वेळ थोडा आणि डोकं दमलेलं, त्यामुळे पद्धत चोख हवी. तेच पान पाच वेळा वाचण्यात वेळ जातो आणि शिकल्याचा भास होतो. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे देऊन हे तपासलं. काहींनी उतारा दुसऱ्यांदा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानं मात्र वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणून वीस मिनिटं वाचायचं, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल तसं लिहायचं, चुकलेलं तेवढं पुन्हा बघायचं. हे बसमध्ये बसूनही होतं.

शिक्षकांसाठी दोनच गोष्टी सांगतो. या मुलांना दया नको असते, अंदाज हवा असतो. तास केव्हा सुरू होणार, चाचणी केव्हा, चुकलं तर काय होणार, हे आधी कळलं आणि तसंच घडलं, की त्यांचं शरीर हळूहळू मानू लागतं की इथे पहारा द्यायची गरज नाही. त्याला आठवडे नाही, महिने लागतात. दुसरी गोष्ट, मुलाला न विचारता घरी फोन करू नका. ही चूक मी स्वतः केली आहे, तिच्याकडे पुढे येतो. मार, लैंगिक त्रास किंवा जिवाचा धोका असेल तेव्हा मात्र गोष्ट वेगळी. तिथे गप्प बसणं हा गुन्हा समजावा आणि बालसंरक्षणाचं काम करणाऱ्या यंत्रणेला लगेच कळवावं. बऱ्याच देशांत मुलांना स्वतः फोन करता येईल अशी मोफत हेल्पलाइन असते. तिचा क्रमांक वर्गात भिंतीवर लावलेला असावा, म्हणजे तो कुणाला मागावा लागत नाही.

आणि एक विचित्र गोष्ट, जिची कुणी पूर्वसूचना देत नाही. समजा वडिलांची दारू सुटली. घर शांत झालं. सगळ्यांना वाटतं, आता पोरगं अभ्यासाला लागेल. नेमकं तेव्हाच काही मुलं ढेपाळतात. दिवस दिवस झोपतात, चिडतात, वही उघडत नाहीत. इतकी वर्षं ताणून धरलेलं अंग सैल पडतं आणि साठलेला राग वर येतो. शिवाय कालपर्यंत घरात ज्याच्या शब्दाला वजन होतं, त्या मुलाला आता दारू सुटलेला बाप "कुठे गेला होतास?" विचारू लागतो. तेही पचायला जड जातं. हा बिघाड नाही. थोडे दिवस जाऊ द्यावे लागतात, शक्य तर समुपदेशकाची सोबत घ्यावी.

हा तुकडा तुझ्यासाठी

हे तू स्वतः वाचत असशील, तर तुझ्याशी थेट बोलतो. त्यांची दारू पुन्हा सुरू होऊ शकते. सुटून पुन्हा लागणं या आजारात नेहमीचं आहे. तेव्हा तुझं शिकणं त्यांच्या सुटण्यावर टांगून ठेवू नकोस. "बाबा बरे झाले की कॉलेजला जाईन" हे वाक्य ऐकायला समजूतदार वाटतं, पण त्यात तुझ्या वर्षांच्या किल्ल्या त्यांच्या खिशात जातात.

वाईट रात्रीसाठी आधीच ठरवून ठेव: कुणाला फोन करायचा, कुठे जायचं, काय उचलायचं. परीक्षेचं ओळखपत्र, शाळेचे कागद आणि त्यांचे फोटो घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे ठेव. भांडणात मध्ये पडू नकोस. आणि शाळा बुडली, तर एका दिवसाचा उशीर दोन दिवसांवर जाऊ देऊ नकोस. अर्धा दिवस उरला असेल तर अर्धा दिवस जा. परत जाणं दर दिवसागणिक अवघड होतं, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

धाकट्या भावंडांना टाकून शिकायला गेल्याची बोच बहुतेकांना असते. ती मी काढून घेऊ शकत नाही. पण त्यांच्यासाठी दुसरं कुणी मोठं माणूस शोधायला तुला मदत मागता येते, आणि ती मागणं म्हणजे त्यांना सोडून देणं नव्हे.

आता माझी चूक. तिसऱ्या महिन्यात ती मुलगी सलग तीन दिवस आली नाही. मी काळजीपोटी घरी फोन लावला. तो वडिलांनी उचलला. मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही, सद्भावनेचंच काहीतरी असणार. त्यानंतर ती आणखी सहा दिवस आली नाही. घरचं बाहेर सांगतेस, यावरून काय झालं असेल ते मी कल्पनेनंच जाणतो. तिनं कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

दहाव्या दिवशी संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली, आणि या वेळी थांबलेलं पेन माझं होतं. ती आत आली, भिंतीपाशी बसली. "भाऊ आता आत्याकडे राहतो," म्हणाली. मग वही उघडली. अर्ध्यात सोडलेलं वर्गमूळ तिथेच होतं. मी पुढचा धडा काढला नव्हता.

"सर, इथे हातचा कितीचा होता?"

"तीनचा."

तिनं तो कोपऱ्यात लिहून ठेवला.